एमसीजीबाहेरचा टॉम विल्सचा पुतळा: हा माणूस नक्की कोण?

नाशिकचेकाका: मुलाकडे मेलबर्नला आलोय. परवा एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) बघायला गेलो तर बाहेर एक पुतळा दिसला, दोन पोरं बॉलसाठी झटतायत आणि तिथेच एक माणूस अंपायर म्हणून उभा. टॉम विल्स म्हणे. मुलगा म्हणाला इथल्या फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जनक, पण मग क्रिकेटच्या ग्राउंडबाहेर कसा काय? कुणाला माहितीये का?

यारा_काठी: काका, तो मुळात क्रिकेटरच हो. जन्म १८३५ चा, व्हिक्टोरियात मेंढरांच्या कुरणांत वाढला, तिथल्या जाब वुरुंग आदिवासी पोरांबरोबर खेळायचा आणि त्यांची भाषा बोलायचा. चौदाव्या वर्षी वडिलांनी इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये धाडला, तिथे क्रिकेटचा कॅप्टन झाला. १८५६ च्या शेवटी परत आला आणि १० जुलै १८५८ ला पेपरात त्याचं पत्र छापून आलं की क्रिकेटवाल्यांनी हिवाळाभर नुसतं बसून अंग जड करून घेऊ नये, एक फुटबॉल क्लब काढावा. पुतळ्यातली मॅच त्याच ऑगस्टमधली, स्कॉच कॉलेज वि. मेलबर्न ग्रामर, एकेका बाजूला ४० पोरं! तीन शनिवार चालली तरी निकाल नाहीच. मग मे १८५९ मध्ये विल्स आणि आणखी तिघांनी हॉटेलात बसून १० नियम लिहिले. ऑफसाइड नाही, नडगीवर लाथा मारायच्या नाहीत. विल्सला रग्बीचे नियम हवे होते पण बाकीच्यांनी ऐकलं नाही, आणि माझ्या मते बरंच झालं, म्हणून तर हा वेगळा खेळ झाला.

सह्याद्री७७: पुढचंही सांगायला हवं. १८६१ मध्ये क्वीन्सलँडला कलिन-ला-रिंगोला आदिवासींच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसकट १९ जण गेले, टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. त्याचा सूड म्हणून पोलीस आणि गोऱ्यांनी कितीतरी आदिवासी मारले. आणि पाचच वर्षांनी, १८६६ च्या बॉक्सिंग डेला, हाच माणूस आदिवासी क्रिकेट टीमचा कोच-कॅप्टन म्हणून एमसीजीवर उतरला. मला हे वाचून गलबलून आलं.

यारा_काठी: मलाही यायचं, पण २०२१ ला १८९५ चा शिकागोच्या पेपरातला एक निनावी लेख सापडला, त्यात विल्स स्वतः त्या सूडाच्या कत्तलीत होता असं लिहिलंय. इतिहासकारांत वाद आहे. आदिवासींच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळावरून त्याला फुटी सुचली का, त्यावरही आहे, थेट लेखी पुरावा नाही. पण लहानपणी ज्यांच्यात खेळला त्यांच्याबद्दल त्याच्या मनात काय होतं, हा प्रश्न मला काही केल्या सोडत नाही.

नाशिकचेकाका: बाप रे. शेवट कसा झाला त्याचा?

सह्याद्री७७: वाईट. दारूत बुडाला, १८८० मध्ये ४४ व्या वर्षी इथल्याच, मेलबर्नच्या हायडलबर्गला स्वतःचा जीव घेतला. कबरीवर १०० वर्षं साधा दगडसुद्धा नव्हता, १९८० मध्ये बसवला.

यारा_काठी: कबर बघायला जायचं असेल तर एमसीजीजवळच्या जॉलिमॉन्टवरून हर्स्टब्रिज लाइनची गाडी पकडा, सरळ हायडलबर्गला उतरवते.

नाशिकचेकाका: रविवारी मुलाला सुट्टी आहे, जातो.