मदत हवी आहे: मायक्रोफायबरची फडकी धुतल्यावर करंट मारतात, काळ्या गाडीवर धूळ बसते

काळी_गाडी
जरा लवकर उत्तर द्या, शनिवारी गाडीला वॅक्स लावायचं आहे. मायक्रोफायबरची फडकी धुऊन वाळवली की एकमेकांना अशी चिकटतात की सोलून काढावी लागतात. चटचट आवाज येतो, दिवा बंद असला तर ठिणग्याही दिसतात. घडी घालताना बोटांना झटके बसतात ते वेगळंच. ते सोसेन एकवेळ, पण तेच फडकं बॉनेटवर फिरवलं की मागे बारीक तंतू आणि धूळ येऊन बसते. जितकं पुसावं तितकी जास्त. चांगली ७०/३० ची फडकी आहेत, स्वस्तातली नाहीत. साबण बदलून झाला, काही फरक नाही. नक्की काय करू?

मुलुंडची_मावशी
शेवटच्या पाण्यात झाकणभर फॅब्रिक सॉफ्टनर घाला. सिंथेटिक साड्या परकराला चिकटतात तेव्हा मी तेच करते. एका धुण्यात फरक पडतो.

रंगकाम_कोथरूड
मावशी, साडीला चालेल, या फडक्यांना अजिबात नको! गाड्यांच्या डिटेलिंगचंच काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय. सॉफ्टनरमधले रेणू धाग्यावर पातळ तेलकट थर धरतात. त्या थरामुळेच स्टॅटिक, म्हणजे घासून साचलेला विजेचा भार, जातं आणि त्या थरामुळेच फडकं पाणी प्यायचं बंद होतं. मायक्रोफायबरचा धागा फोडून त्याच्या पाकळ्या केलेल्या असतात, त्या फटींत पाणी आणि मळ शिरतो. फटी बुजल्या की हातात साधं पॉलिएस्टर उरलं. वर तो थर काचेवर ओघळांसारखा उमटतो.

मुलुंडची_मावशी
आमच्याकडे गाडी पुसायची फडकी याच पद्धतीने धुतली जातात आणि ती व्यवस्थित पुसतात. प्रत्येक गोष्टीत घाबरवून सोडायची गरज नाही.

रंगकाम_कोथरूड
घाबरवत नाही. एक करून बघा. वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा थेंब सोडा. चटकन आत गेला तर फडकं ठीक आहे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर धरलाय.

डोंबिवली_फास्ट
फडक्याला करंट, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्याकडे उलट त्रास आहे, पावसाळ्यात फडकी वाळतच नाहीत आणि कुबट वास धरतात. त्यावर कोणाकडे उपाय आहे का? आणि धागाकर्ते, तुम्ही राहता कुठे? वाळवता कशावर? दोरीवर टाका की सरळ.

पाना_बारा_तेरा
मी तर म्हणतो मायक्रोफायबरचा नादच सोडा. शॅमी, म्हणजे गाडी पुसायचं मऊ चामडं, घ्या, ओली करून पिळा आणि पुसा. स्टॅटिकचा प्रश्नच येत नाही.

रंगकाम_कोथरूड
शॅमीने वॅक्स कसं काढणार? ती पाणी टिपायला. शिवाय तिला लव नसते, मातीचा कण खाली सापडला की तो रंगावर घासत जातो. काळ्या गाडीवर तर उन्हात लगेच गोल ओरखडे दिसतील.

काळी_गाडी
ड्रायरमध्येच वाळवतो, आणखी कशात? कॅनडात कॅल्गरीला आहे. बाहेर उणे १८ आहे, दोरी कुठे बांधू? गाडी गॅरेजमध्ये धुतो. शॅमी नको आहे, सॉफ्टनरही नको. फडकी कशी वाळवायची तेवढं सांगा.

डोंबिवली_फास्ट
अहो, मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! आम्ही इकडे गच्चीचा विचार करत बसलो.

मागवाला_इचल
कॅल्गरी म्हटल्यावर उलगडा झाला. मी इचलकरंजीचा. आधी सूतगिरणीत होतो, आता मागावर आहे. आमच्या धंद्यात स्टॅटिक रोजचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो, वजनाच्या आठ-साडेआठ टक्के. नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. धाग्यात पाणी असेल तर घासून तयार झालेला भार वाहून जातो, नसेल तर तिथेच साचतो. आता तुमचं ७०/३० म्हणजे ७० टक्के पॉलिएस्टर आणि ३० टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच. घासल्यावर नायलॉन धन भार घेतं, पॉलिएस्टर ऋण. दोन्ही एकाच फडक्यात, आणि तुम्ही ते गरम कोरड्या हवेत तासभर एकमेकांवर आपटताय. ठिणगी पडणारच.

त्यात तुमची हवा. उणे १८ ची हवा बाहेर पूर्ण दमट असली तरी घरात येऊन २१ अंशांवर तापली की तिची आर्द्रता पाच टक्क्यांच्या आसपास येते. स्वयंपाक, आंघोळी यांनी थोडी वाढते तेवढीच. आमच्याकडे सुती मागाच्या शेडमध्ये ७५-८० टक्के ठेवतात, त्यासाठी वेगळा ह्युमिडिफिकेशन प्लांट असतो. तो बंद पडला की सूत तटातट तुटतं. पॉलिएस्टर चालू असेल तर धागे फुलून एकमेकांना धरतात आणि हात जवळ नेला की हातावरचे केस उभे राहतात.

म्हणून साबण बदलून काही होणार नाही. फडकी कडकडीत वाळवणं थांबवा. किंचित दमट असतानाच बाहेर काढा आणि घरातच रॅकवर मोकळी टाका. तुमच्या हवेत बाकीचा ओलावा बघता बघता उडेल.

पाना_बारा_तेरा
ड्रायरमध्ये लोकरीचे गोळे टाकतात ना? आमच्या साडूंकडे न्यू जर्सीत आहेत, ते फार नाव काढतात त्यांचं.

मागवाला_इचल
कपडे मोकळे राहायला बरे आहेत. पण लोकर आणि पॉलिएस्टर घासले तर भार वाढूही शकतो. शिवाय लोकरीचे तंतू फडक्याला लागतील, ते कशाला?

उपराजधानी
मी नागपूरचा. इकडे मे महिन्याच्या दुपारी स्टॅटिक असतंच, गाडीतून उतरताना दाराला हात लावला की चटका. त्यावर उपाय म्हणजे सीटवरून उठतानाच दाराची धातूची कड धरून ठेवायची आणि मग पाय टेकायचे. कॅल्गरीत पेट्रोल भरतानाही जपा. नळी लावून थंडीमुळे परत गाडीत जाऊन बसू नका. बसलातच तर नळीला हात लावायच्या आधी दुसऱ्या कुठल्यातरी धातूला हात लावा. वाफेला ठिणगी लागून आगी लागल्या आहेत.

काळी_गाडी
पेट्रोलचं विचारलं नव्हतं, पण माहिती कामाची आहे. व्हिनेगरचं काय? इकडे सगळे तेच सुचवतात.

रंगकाम_कोथरूड
व्हिनेगरचा उपयोग क्षारांवर. तुमच्याकडे बो आणि एल्बो नद्यांचं पाणी, ते जड आहे. साबणाचा अंश आणि क्षार बसून फडकी राठ झाली असतील तर शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला, मऊ होतील. दर धुण्याला नको, मशीनच्या रबराला त्रास होतो. क्लोरीन ब्लीचसोबत तर कधीच नाही, विषारी वायू होतो. तसंही ब्लीच नायलॉनची वाट लावतं. पण वाळल्यावर व्हिनेगर स्टॅटिक थांबवेल अशी आशा ठेवू नका.

आता तुम्ही न सांगितलेलं विचारतो. ड्रायरमध्ये सोबत काय असतं? उष्णता किती? ड्रायर शीट, म्हणजे सॉफ्टनर लावलेला पातळ कागदासारखा तुकडा, टाकता का?

काळी_गाडी
शीट नाही. सोबत मुलांची फ्लीसची जॅकेट आणि आंघोळीचे टॉवेल असतात, वेगळं मशीन कोण लावणार? सेटिंग जे असतं तेच, नॉर्मल.

रंगकाम_कोथरूड
घ्या, तंतूंचं मूळ सापडलं! आंघोळीचा सुती टॉवेल ड्रायरमध्ये तंतू सोडतो, भारलेलं मायक्रोफायबर ते चुंबकासारखं धरतं आणि तुम्ही नेऊन बॉनेटवर ठेवता. हात जोडून सांगतो, फडकी वेगळीच धुवा. वॅक्सची निराळी, काचेची निराळी, चाकांची तर या घोळक्यात आणूच नका, त्यांत ब्रेकची बारीक धूळ असते. पाणी ४० अंशांपर्यंत, साबण पातळ आणि नेहमीपेक्षा कमी, एक जास्तीचं पाणी. ड्रायर कमीत कमी उष्णतेवर आणि त्याची जाळी आधी साफ केलेली. जास्त उष्णतेने पाकळ्यांची टोकं कडक होतात, मग फडकं बोटाला खरखरीत लागतं आणि रंगालाही. पेट्रोल किंवा थिनर लागलेलं फडकं ड्रायरमध्ये कधीही नाही.

मुलुंडची_मावशी
एवढं सगळं एका फडक्यासाठी?

रंगकाम_कोथरूड
मावशी, गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. दर वेळी ओरखडे काढायला पॉलिश मारलं की तो आणखी झिजतो. म्हणून एवढं.

काळी_गाडी
केलं. फडकी एकटीच लावली, कमी उष्णतेवर, बोटांना गार लागत होती तेव्हाच काढली आणि बेसमेंटमध्ये रॅकवर टाकली. चटचट जवळपास गेली. दोन फडकी अजून जराशी चिकटतात पण हलकेच सुटतात. तंतूही दिसत नाहीत. पण शेवटचा हात मारताना धूळ अजूनही थोडी ओढली जाते. मागवाले, यावर काही?

मागवाला_इचल
कोरडं फडकं कोरड्या रंगावर फिरवलं की तिथेही भार तयार होतोच. शेवटच्या हाताला फडक्यावर डिस्टिल्ड पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, नळाचं पाणी नको, डाग राहतील. आणि जोरजोरात घासू नका, एका दिशेने हलका हात. घरात ह्युमिडिफायर असेल तर ३० टक्क्यांपर्यंत ठेवा. उणे १८ ला त्यापेक्षा जास्त केलं तर खिडक्यांना आतून बर्फ धरेल.

काळी_गाडी
फवाऱ्याचं शनिवारी करून कळवतो. मागवाले, कोथरूडकर, दोघांचे मनापासून आभार.

डोंबिवली_फास्ट
माझा कुबट वासाचा प्रश्न राहिला की!

मुलुंडची_मावशी
मशीन थांबलं की लगेच बाहेर काढा, आत रात्रभर राहू देऊ नका. आणि पंख्याखाली वाळवा, एकावर एक न टाकता. याला सॉफ्टनर लागत नाही.

रंगकाम_कोथरूड
हे मात्र मावशींचं शंभर टक्के बरोबर.