आईवडिलांचं विमा कवच ३१ मार्चला संपतंय, वडिलांचा मोतीबिंदू त्याआधी कसा करून घेऊ?

बागेवरची लेक (अंबड, नाशिक)
नमस्कार मंडळी. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून १ एप्रिलपासून आईवडिलांना वगळणार, असा एचआरचा मेल आलाय. वडील ६६ वर्षांचे, निफाडला द्राक्षबाग. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. अंधार पडल्यावर पिंपळगावहून येताना समोरच्या ट्रॅक्टरचे दिवे फाकलेले दिसतात, असं ते सहज बोलून गेले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

पॉलिसीत एका डोळ्याला ४०,००० ची मर्यादा आहे, आईवडिलांसाठी २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा. शिवाय तपासणी आणि चष्म्यासाठी ओपीडीचे ६,००० रुपये आहेत, तेही ३१ मार्चला बुडणार.

अडचण बागेची. मण्यांत पाणी उतरलंय, फेब्रुवारीच्या शेवटी काढणी. "माल गेला की एप्रिलात बघू," म्हणतात. एप्रिलात खरड छाटणी येते, आणि तोवर कवचही गेलेलं असेल. दोन्ही डोळे एकदम करतात का? आणि आईला बऱ्याच वर्षांची शुगर आहे, तिचे डोळे कधीच तपासलेले नाहीत. ते यात बसेल का?

टीपीए डेस्क, नाशिकरोड
ताई, मी डोळ्यांच्या दवाखान्यात विम्याचंच काम बघतो. क्लेमला भरती झाल्याची तारीख धरतात. मोतीबिंदू डे-केअरमध्ये येतो, २४ तास राहावं लागत नाही. त्यामुळे ऑपरेशन मार्चअखेरपर्यंत झालं तरी क्लेम बसतो.

पण चष्म्याचं तसं नाही. ओपीडीला बिलाची तारीख बघतात, आणि ऑपरेशननंतर नंबर पक्का व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मार्चमध्ये ऑपरेशन केलंत तर चष्म्याचं बिल एप्रिलमध्ये पडेल. म्हणून उजवा डोळा याच महिन्यात, डावा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. दोन्ही डोळे सहसा एकाच दिवशी करत नाहीत, मध्ये किती दिवस ठेवायचे ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येक डोळ्याची कॅशलेस मंजुरी वेगळी.

को-पे कशावर लागतो ते मात्र लेखी विचारा. समजा बिल ५०,००० झालं. २० टक्के बिलावर कापले तर ४०,००० मिळतात. आधी मर्यादा लावून मग कापले तर ३२,०००. एका डोळ्यामागे ८,००० चा फरक, आणि दवाखान्यात लोकांना तो डिस्चार्जच्या वेळी कळतो. साध्या लेन्सऐवजी मल्टिफोकल किंवा टोरिक अशी महागडी लेन्स घेतली तर वरचे पैसे बहुतेक वेळा आपल्यालाच भरावे लागतात.

चष्मेवाला, कॉलेज रोड
ओपीडीतून आधी आईंची तपासणी करा, चष्मा नंतर. शुगरमुळे पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही नीट दिसतं, म्हणून माणूस जातच नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी हवंच. उरलेले पैसे संपवायचे म्हणून आत्ताच वडिलांना चष्मा करू नका, ऑपरेशननंतर नंबर बदलतो.

सिन्नर फाटा
पोरी, कवच संपलं की पुढं काय, तेही आत्ताच बघ. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते. द्यायची की नाही ते कंपनी तब्येत बघून ठरवते, पण आधी काढलेल्या वर्षांचा फायदा मिळतो. कोरी पॉलिसी घेतली तर जुन्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. ही कमाल मर्यादा २०२४ मध्ये ४८ वरून खाली आणली. आईच्या पडद्यात काही निघालं तर डोळ्यात इंजेक्शनं लागतात, ती एका फेरीत संपत नाहीत. तिच्यासाठी तरी मार्चच्या आत अर्ज टाक.

आणि वडिलांना स्पष्ट सांग, ऑपरेशननंतर काही आठवडे फवारणी नाही, धूळ नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. माझा भाऊही बागाईतदार, घरात बसवताना आमची दमछाक झाली. बागेवर विश्वासाचा माणूस ठेवलास तरच ते ऐकतील.

बागेवरची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. चष्म्याच्या तारखेचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. काल घरी जाऊन बोलले. चुलतभाऊ बागेवर थांबतोय, फवारणीचं सगळं त्याच्याकडे. व्यापाऱ्याशी बोलणी वडील फोनवरून करतील, ती त्यांना कुणावर सोपवायची नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही. गुरुवारी मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याची लेन्ससाठी मोजणी आहे, त्याच वेळी आईचा पडदा तपासून घेते. गाडी मीच चालवणार.

वैयक्तिक पॉलिसीचं आणि को-पेचं एचआरला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकते, आमच्याच कंपनीतल्या बऱ्याच जणांचे आईवडील या यादीत आहेत.