ध्यान आधी की माणसं आधी?

गंगापूर रोडची ताई (मूळ धागा)
दोन वर्षं मी नेमाने ध्यान करते. पहाटे साडेपाचला आसन घालून वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, हे खरंच. पण गेल्या आषाढात जिन्यात पाय घसरला आणि मनगट मोडलं. मुलगा बंगळुरूला, हे जाऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी एका हाताने कापता येईना, म्हणून दातांनी फाडली. अर्धं दूध ओट्यावर सांडलं. ते पुसताना लक्षात आलं, सहा वर्षं या सोसायटीत राहून हक्काने वाजवावं असं एकही दार मला नाही.

म्हणून म्हणते, तब्येतीला आधी माणसं लागतात. २०१० साली अमेरिकन संशोधक ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत तीन लाखांवर माणसं होती. ज्यांचे संबंध घट्ट, त्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आपण बीपी मोजतो, साखर मोजतो. आठवड्याभरात कुणाशी मनातलं बोललात का, हे कुणी विचारत नाही.

सातपूरकर
ताई, मनगटाचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. माझ्याभोवती माणसं कधीच कमी नव्हती. शिफ्ट सुटली की टपरीवर आठ-दहा जण, रविवारी मिसळ ठरलेली. तरी घरी आलो की पोरावर खेकसायचो. शेवटी इगतपुरीला धम्मगिरीवर, विपश्यना ध्यानाच्या केंद्रात, दहा दिवस बसलो. पहाटे चारला घंटा, फोन जमा, बोलणं बंद, शेजारच्याला खूणसुद्धा करायची नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. पुढे गुडघे ठणकायला लागले तेव्हा राग येताना पहिल्यांदा दिसला. आधी छातीत गरम होतं, मग तोंड सुटतं. आता ते गरम झालेलं कळतं. रोज नाही, पण कळतं. पोरगा गणिताची वही घेऊन माझ्याकडे यायला लागला, तो त्यानंतर.

आकडेमोड
ताई, तो अभ्यास जपून वापरा. आजारी माणूस आपोआप घरात बसतो, त्याच्या गाठीभेटी कमी होतात. मग एकटेपणामुळे आजार की आजारामुळे एकटेपण?

गंगापूर रोडची ताई
शंका रास्त आहे. पण सुरुवातीची तब्येत कशीही असली तरी कल तोच दिसला, असं त्यांनी नोंदवलंय. तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही, हे मान्य.

पंचवटीची सून
मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे घरात सात माणसं, सासूबाईंना अर्धांगवायू. त्यांना कूस बदलून देणं, डबे, औषधं, आल्यागेल्याचा चहा. माणसं जोडा म्हणणं सोपं आहे, जोडलेली माणसं सांभाळतं कोण? आणि दहा दिवस इगतपुरीला मी गेले तर इथे कोण बघेल? बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर जाते, तेव्हा भाजीची पिशवी शेजारी ठेवून दहा मिनिटं पायरीवर बसते. कुणी हाक मारत नाही. आठवडा त्याच्यावर निघतो.

पाथर्डी फाटा
एक सांगू? ध्यान म्हणजे एकट्याने बसणं, ही समजूतच मला खटकते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्गही गटानेच चालतो. आणि आपल्या नाशिकची पांडवलेणी बघा, डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. विहारात भिक्षूंच्या लहान खोल्या कडेने, आणि त्यांची दारं उघडतात ती मधल्या सगळ्यांच्या दालनात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे कोरलं, त्यांना दोन्ही हवं होतं. फोनवरच्या ॲपमध्ये खोली तेवढी राहिली, दालन गेलं.

सातपूरकर
दालनाचं पटलं. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा शेजारच्या आसनावरचा माणूस आणि मी तासभर बोलत होतो. पण आधीचे नऊ दिवस गप्प बसलो नसतो, तर मी त्याचं ऐकलं नसतं. त्यामुळे क्रम माझाच बरोबर, असं अजूनही वाटतं.

गंगापूर रोडची ताई
आणि मला माझा. ज्याला घरी कुणी नाही त्याला आणखी गप्प बसायला सांगू नका, एवढंच म्हणणं आहे.

पंचवटीची सून, तुमचं वाचून मात्र थांबले. मी हा विचार केलाच नव्हता. बुधवारी किती वाजता येता घाटावर? चालणार असेल तर पलीकडच्या पायरीवर बसेन. बोलायचं नाही.