शब्दचर्चा : सहभागिता, सोबत आणि आजीचं ‘संगं’

धागा सुरू करणारी, मिरज

गेल्या रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी नेहमीचं आशीर्वचन दिलं : प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांसह असो. चाळीस वर्षं हे ऐकून ‘आमेन’ म्हणते आहे. घरी येताना रिक्षात सातवीतल्या नातीनं विचारलं, “आजी, कृपा कळली, प्रीती कळली. सहभागिता म्हणजे काय? शाळेत स्पर्धेत सहभाग घेतात तसं?” मी “देवाची संगत गं” म्हणून वेळ मारून नेली. पण दिवसभर ते मनात सलत राहिलं. ज्याच्या भरवशावर रोज सकाळी दाराची कडी काढते, त्याच्या असण्याला माझ्याकडं घरात बोलायचा शब्दच नसावा?

मला वाटतं शब्द आहे, आणि तो ‘सोबत’ आहे. हल्ली ‘सोबत’ म्हणजे नुसतं ‘बरोबर’, असा वापर झालाय : चहासोबत बिस्कीट, अर्जासोबत फोटो. तो अर्थ बाजूला ठेवा. आमच्या घरात सोबत ‘करायची’ असते, ‘द्यायची’ असते, सोबतीला ‘जायचं’ असतं. “मालक गावाला गेलेत, रात्री पोरीला सोबतीला पाठवा.” सोबतीला आलेली पोर काही काम करत नाही. चोर आला तर ती त्याला अडवणार नसते, आजार बरा करणार नसते. ती तिथं असते, एवढंच. आणि तेवढ्यानं घरच्या बाईला झोप लागते.

सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाचं सांगते. मिरज हे दवाखान्यांचंच गाव. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी इथं मिशनचा दवाखाना सुरू केला तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकातून माणसं इथं येतात. वॉर्डात रात्रीच्या फेरीला सिस्टर प्रत्येक खाटेपाशी थांबून एकच विचारायची, “सोबतीला कोण आहे?” नातेवाईक कोण, असं नाही. सोबतीला कोण. अकरा रात्री मी “मी आहे” म्हणाले. बाराव्या दिवशी मलाच ताप भरला. महिला मंडळाच्या हिशेबावरून जिच्याशी दोन वर्षं माझं बोलणं नव्हतं, ती बाई संध्याकाळी चटई, थर्मास आणि भाकरीचा डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी. मला म्हणाली, “तुम्ही घरी जा.” बाकी एक शब्द नाही. पायरीवर चप्पल शोधत होते तेवढ्यात आतून सिस्टरचा प्रश्न ऐकू आला आणि तिचं उत्तरही : “मी आहे.”

तेव्हापासून देवाची सोबत म्हटलं की मला ती चटई दिसते. पण ‘सहभागिता’ला ‘सोबत’ म्हणणं शब्दाच्या दृष्टीनं चालेल का? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त शिक्षक, सातारा

ताई, आधी व्युत्पत्ती. ‘सोबत’ आपल्याकडं फारसीतून आला. मूळ अरबी, ‘सुहबत’. त्याच धातूचा दुसरा शब्द तुम्ही रोज वापरता आणि वर लिहिलाही आहे : ‘साहेब’. मुळात ‘साहिब’ म्हणजे सोबती. पुढं त्याचा अर्थ मालक, अधिकारी असा चढत गेला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आठवला. प्रभू शिष्यांना सांगतो की मी तुम्हांला आता दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. आपण सोबत्याचा साहेब केला. त्यानं साहेब असून सोबती व्हायचं ठरवलं.

‘बरोबर’ही फारसीच. ‘बर’ म्हणजे छाती; बराबर म्हणजे छातीला छाती लावून, एका रेषेत. म्हणून मराठीत त्याचे ‘सोबत’, ‘सारखा’ आणि ‘अचूक’ असे तीन अर्थ झाले.

‘सहभागिता’चं मूळ मात्र वेगळं. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक ‘कोइनोनिया’साठी तो घेतलाय. त्यात वाटा आहे, भागीदारी आहे. एका भाकरीतले वाटेकरी, असा त्याचा रोख. तेव्हा नातीचं ‘सहभाग घेणे’ अगदीच चुकलेलं नाही, तिला तसं जरूर सांगा. तुमच्या गोष्टीत चटईशेजारी भाकरीचा डबा होता, म्हणजे दोन्ही शब्द त्या वॉर्डात हजर होते.

एक भर. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला मिसरच्या राजाकडे, फारोकडे, पाठवतो. मोशे म्हणतो, मी कोण फारोकडे जाणारा? देव त्याला ‘तू अमुक आहेस’ असं काही सांगत नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ म्हणतो. दोनच ओव्या पुढं मोशे नाव विचारतो, तेव्हा ‘मी आहे तो आहे’. इब्री म्हणजे हिब्रू भाषेत ‘असेन’ आणि ‘आहे’ या दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे, ‘एह्ये’. सोबतीचं वचन आणि देवाचं नाव एकाच शब्दात. तुमच्या त्या बाईंनी सिस्टरला दिलेलं उत्तर या जागी ठेवून वाचा.

वाचक, कराड

मी वारकरी घरातला, ख्रिस्ती नाही, पण शब्दाचा विषय आहे म्हणून लिहितो. तुम्ही ‘सांगाती’ कसा विसरलात? ‘जेथे जातो तेथे तू माझा सांगाती, चालविसी हाती धरूनिया’ हा तुकोबांचा अभंग आमच्याकडं पोरंसोरं म्हणतात. त्यात देव खाटेपाशी बसलेला नाही, चालतोय आणि हाताला धरून चालवतोय.

निवृत्त शिक्षक, सातारा

अगदी खरं. रेव्हरंड ना. वा. टिळकही तुकोबांच्याच वाटेनं ख्रिस्ताकडं आलो असं मानत. शेवटच्या वर्षांत ते इथं साताऱ्यात होते, 1917 साली ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांनी इथंच सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिच्यात जागा होती.

वाचक, सांगली

मला ‘सोबत’ अपुरा वाटतो, आणि हे मी वाद घालायला लिहीत नाही. सोबत संपते. वेशीपर्यंत सोबत, स्टँडपर्यंत सोबत, मालक गावाहून येईपर्यंत सोबत. पोहोचलं की सोबती माघारी फिरतो. ‘सहवास’ म्हणजे एकत्र वास्तव्य, एका छपराखाली राहणं. ‘माझ्यामध्ये राहा’ असं प्रभू म्हणतो त्याला सहवासच जवळचा. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा आम्ही तीन कुटुंबं एका माडीवर चार दिवस होतो. पहिल्या रात्री ती एकमेकांना सोबत होती. चौथ्या दिवशी कोणाचं मीठ संपलं, कोणाचं पोर रात्री दचकून उठतं, कोण प्रार्थनेत रडतं, सगळं सगळ्यांना ठाऊक. तो सहवास. विश्वास रोज जगायचा म्हटलं की मला ती चौथ्या दिवसाची माडी आठवते. तिथं चांगलं वागायचं सोंग टिकत नाही.

धागा सुरू करणारी, मिरज

दादा, सोबत संपते हे मान्य. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी प्रभू काय म्हणतो बघा : युगाच्या समाप्तीपर्यंत मी ‘सर्व दिवस’ तुमच्याबरोबर आहे. आपण सहज ‘सदा’ म्हणून जातो. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘सर्व दिवस’ आहे आणि मूळ ग्रीकमध्येही ‘सगळे दिवस’ असंच आहे, हे आमच्या पाळकसाहेबांनी एकदा दाखवलं होतं. म्हणजे एकेक दिवस मोजून. सोमवारी धुण्याच्या दिवशी, पेन्शनच्या रांगेत, सुनेशी खटका उडाला त्या दिवशीही. सोबत रोज संपते आणि रोज नव्यानं मिळते, हे मला पटतं, कारण मी रोज नव्यानं घाबरते.

आणि ती मागावीही लागते. पुनरुत्थानानंतर प्रभू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर चालला, तेव्हा तो पुढं जायला निघालाच होता. त्या दोघांनी आग्रह केला, आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे. दिवेलागणीला पाहुण्याला आपण म्हणतो तसंच.

माझी आजी कोरेगावकडची, अक्षरओळख नव्हती. तिला ना सहभागिता ठाऊक, ना सहवास. खुरपं कमरेला खोचून रानात निघताना उंबऱ्यात थांबायची आणि म्हणायची, “बापा, आजबी संगं चल.” ते ‘आजबी’ माझ्या कानात अजून आहे. कराडच्या दादांचा ‘सांगाती’ आणि तिचं ‘संगं’ एकाच घरचे.

एक विचारायचं राहिलं. तेविसाव्या स्तोत्रात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असं आहे. काठी कळते. आकडी कसली?

वाचक, जत

आमच्याकडं याल तर दाखवतो. लांब काठीच्या टोकाला वाकडा आकडा, त्याला आकडी म्हणायचं. धनगर तिनं बाभळीची फांदी खाली ओढतात आणि मेंढरांना पाला मिळतो. दुष्काळी भाग आमचा, जमिनीवर गवत नसतं तेव्हा तिच्यावरच कळप जगतो. शास्त्रातल्या मेंढपाळाची नेमकी अशीच असेल असं नाही, पण हा मराठी शब्द आम्हाला तरी परका नाही.

आणि सोबतीचं म्हणाल तर, पाऊस संपला की कळप कृष्णाकाठच्या रानात उतरतात. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून मेंढरं आत, आणि धनगर तिथंच बाहेर घोंगडं टाकून झोपतो. मेंढरं एकीकडं आणि धनगर घरात, असं कधीच नसतं. सांगलीच्या भावांनी सोबत का सहवास विचारलं, तर त्या घोंगड्यावरच्या माणसाचं काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

निवृत्त शिक्षक, सातारा

स्तोत्र निघालंच आहे तर त्याचं व्याकरणही पाहा. पहिल्या तीन ओव्यांत देव ‘तो’ आहे : तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो संथ पाण्याजवळ नेतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथं सर्वनाम फिरतं : ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ उजेडात ‘तो’, अंधारात ‘तू’. मराठीत आपण आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, म्हणून हा पालट आपल्या भाषेत फार जवळून लागतो. पस्तीस वर्षं मराठी शिकवली, सर्वनामाचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

धागा सुरू करणारी, मिरज

सर, हे नातीला आज जेवताना वाचून दाखवलं. तिनं शास्त्र उघडून स्वतः ‘तो’ आणि ‘तू’ खाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. सहभागितेपुढं तिनं समासात ‘वाटा’ लिहिलंय, आणि त्याखाली ‘संगं’.

उरलेलं सकाळी वाचते. दोन वर्षं न बोलणारी म्हणून जिच्याबद्दल लिहिलं, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि मुलगी पुण्याहून यायला शनिवार उजाडेल. तोवर रात्रीचं माझं अंथरूण तिच्याकडं आहे.