ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि गोठ्यासाठी प्रेशर वॉशर: कोणतं टिकेल?

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मोटरसायकली आणि चार जनावरांचा गोठा धुवायला मशीन घ्यायचं आहे. पावसाळ्यात रोटाव्हेटरच्या पात्यांत काळी माती अशी बसते की खुरप्यानेही सुटत नाही, आणि कापणीच्या दिवसांत ट्रॉलीवर केळीचा चीक वाळून काळा पडतो. पाणी बोअरचं, भांड्यावर पांढरा थर धरणारं. ऑनलाइन १५० बार, १८० बार, २०० बार असं काहीही लिहिलेलं दिसतं आणि किमतीचा त्याच्याशी मेळ लागत नाही. मोठे भाऊ म्हणतात, फवारणीचा एचटीपी पंप घरात आहे, त्यानेच धू. काय करावं?

गोठा_शिंदखेडा

दादा, आमच्या गोठ्यात म्हशी आहेत, म्हणून आवाजाचं आधी सांगते. कार्बन ब्रशची मोटर असलेलं मशीन फार कर्कश ओरडतं. आमच्या म्हशी दाव्याला हिसके द्यायच्या आणि संध्याकाळी पान्हा चोरायच्या. आता इंडक्शन मोटरचं मशीन आहे. उचलायला जड, पण म्हशी बाजूच्या झाडाखाली शांत रवंथ करत बसतात. आणि जनावरं आत असताना प्रेशरने जमीन धुवू नका. शेणाचे शिंतोडे कासेवर उडतात, त्यातून दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. जनावराच्या अंगावर तर ही गन धरूच नये, त्याला साधी नळी आणि हात पुरेत.

मोटार_वायंडिंग_फैजपूर

काय म्हनतस भाऊ, बठ्ठं बरं शे ना? ताईंनी मोटरचं बरोबर सांगितलं. मी वायंडिंगचं काम करतो, आमच्या भागात बिघडलेली मशीनं कशाने बिघडतात ते रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, बारच्या, म्हणजे दाबाच्या, आकड्याला भुलू नका. प्रेशर आणि पाणी दोन्ही मोटरच्या ताकदीतूनच येतात. बारला मिनिटाच्या लिटरने गुणा आणि ६०० ने भागा, म्हणजे पाण्याला किती किलोवॅट लागतात ते कळतं. १८० बार आणि मिनिटाला १० लिटर म्हणजे ३ किलोवॅट झाले. खोक्यावर मोटर १४०० वॅटची लिहिली असेल तर हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणं शक्यच नाही. मोठ्या अक्षरात छापतात तो मॅक्स आकडा, मशीन सतत चालतं तो रेटेड. दुकानदाराला रेटेड विचारा. तुमच्या कामाला १०० ते १२० बार रेटेड, मिनिटाला ७ ते ८ लिटर, दोन किलोवॅटच्या आसपासची इंडक्शन मोटर, तांब्याचं वायंडिंग आणि पितळी पंप हेड, एवढं झालं की बस.

दुसरं पाणी, आणि आपल्याकडे खरा घात इथेच होतो. क्षार त्रास देतात, पण बोअरमधून येणारी बारीक रेती त्याहून वाईट. बिघडलेला पंप उघडून प्लंजरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या दांड्यावर, नख फिरवलं की उभ्या रेघा लागतात. त्या रेघा पडल्या की सील कितीही नवे टाका, पाणी गळणारच आणि प्रेशर तयार होणारच नाही. मशीनसोबत येणारी जाळी नखाएवढी असते, तिच्या भरवशावर राहू नका. जळगाव जिल्हा म्हणजे ठिबकचं घर, कोणत्याही ठिबकच्या दुकानात १२० मेशचा छोटा स्क्रीन फिल्टर मिळतो. तो मशीनच्या आधी लावा. पाणी थेट बोअरवरून न घेता टाकीत साठवून, निवळल्यावर घ्या. काम झालं की नळ बंद करून ट्रिगर दाबा, आतलं पाणी आणि दाब निघून जाऊ द्या. नोझल पांढरं पडलं तर लिंबूसताच्या पाण्यात भिजत टाका.

तिसरं लाइट. वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं की इंडक्शन मोटरची चालू होतानाची ओढ निम्म्याच्या जरा वरच उरते. मग ती नुसती घूं घूं करते आणि वायंडिंग तापतं. असं दिसलं की लगेच बंद करा. चालू करताना ट्रिगर दाबून धरा, म्हणजे मोटर दाबाविरुद्ध उठत नाही. वायर अडीच एमएमची तीन कोअर, आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरायची, नाहीतर गुंडाळीतच तापते. सॉकेट १६ अँपिअरचं. शेतावर एक फेज घेऊन न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकण्याची सवय आहे, ती या मशीनला अजिबात चालणार नाही. ओल्या पायांनी, पाण्यात उभं राहून काम करतो आपण. चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावल्याशिवाय हात लावू नका, हे हात जोडून सांगतो.

कंपनी कोणतीही घ्या, फक्त सील किट, ट्रिगर गन आणि कपॅसिटर भुसावळ किंवा जळगावात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. पार्ट मिळत नसेल तर चांगलं मशीनही कोपऱ्यात पडतं.

केळीवाला_सावदा

फार उपयोगाचं लिहिलं भाऊ, आभारी आहे. मग एचटीपीचं काय? आणि रोटाव्हेटर जवळून धुतला तर चालेल का?

मोटार_वायंडिंग_फैजपूर

मोठे भाऊ चुकीचं सांगत नाहीत. एचटीपी २५-३० बारवर मिनिटाला वीस-पंचवीस लिटर पाणी देतो. ओल्या मातीला दाबापेक्षा पाण्याचा लोंढाच जास्त कामाचा. पण ५०० लिटरची टाकी वीस-पंचवीस मिनिटांत रिकामी होईल, वॉशरवर तीच तासभर जाते. शिवाय त्या पाइपात औषधाचा अंश राहतो, त्यामुळे गोठ्यात आणि पाण्याच्या हौदाजवळ तो नकोच. ट्रॅक्टरपुरता वापरा, तोही टाकी आणि पाइप खळखळून धुतल्यावर.

रोटाव्हेटरवर आधी पाणी मारून माती भिजू द्या, मग २५ अंशाचं हिरवं नोझल हातभर अंतरावरून. शून्य अंशाचं लाल नोझल बाजूलाच ठेवा, त्याची धार टायर कापते आणि हातावर आली तर कातडीत शिरते. बेअरिंगच्या सीलवर थेट धार नको, पाणी आत जाऊन ग्रीस निघतं. धुऊन झालं की ग्रीस गनचे दोन-चार स्ट्रोक द्या. रेडिएटरच्या पत्र्या सरळ समोरून आणि कमी दाबाने, तिरप्या धारेने त्या वाकतात. चिकाच्या जुन्या डागावर प्रेशर वाया घालवू नका, कापणी झाली त्याच संध्याकाळी ट्रॉली धुतली तर निघतं.

गोठा_शिंदखेडा

भाऊ, आमच्या मशीनच्या पंपाचं तेल ताकासारखं पांढरं दिसतंय. चालवत राहू का?

मोटार_वायंडिंग_फैजपूर

नाही ताई, आजच बंद करा. सील जाऊन तेलात पाणी मिसळलंय. सील किट आणि तेल दोन्ही बदलून घ्या, तसंच चालवलं तर आतलं बेअरिंग जाईल आणि खर्च कितीतरी पटींनी वाढेल.