झोप मोडून वेळ काढू नका
पहाटे चारला उठलं की वेळ सापडतो, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. झोप मोडून मिळवलेला तास दुपारी डुलक्यांत जातो. मी पुण्यात कोथरूडहून रामवाडीला कामाला जाते. पूर्वी दुचाकीवर दोन्ही हात अडकलेले, डोळे सिग्नलवर. मार्च २०२४ मध्ये मेट्रो कोथरूडमधल्या वनाझपासून थेट रामवाडीपर्यंत धावू लागली आणि जाता-येता मिळून तासभर हाती आला. (वनाझ पहिलंच स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळते.) त्या वेळात मोबाइल पिशवीत ठेवून मी फक्त वाचते. मग संध्याकाळी आईजवळ अर्धा तास बसताना मन मोकळं असतं. ती ७८ वर्षांची आहे. तो अर्धा तास मी दुसऱ्या कशालाच देत नाही.