मदत हवी आहे: जुन्या बुलेटला सेल्फ बसवलाय, टक वाजतं पण इंजिन फिरत नाही

वडिलांची १९८९ ची बुलेट. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून किक मारणं बंद, म्हणून त्याच चेसिसवर नंतरच्या काळातलं सेल्फवालं ३५० इंजिन बसवलं. आरटीओत नोंद झाली आहे. वायरिंग मी स्वतः नव्याने केलं.

बॅटरी १२ व्होल्ट, १४ एएच, नवी. बटण दाबलं की रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) टक करतो, हेडलाइट मंद होतो, मोटर जेमतेम हलून थांबते. मल्टीमीटर लावला: दाबण्याआधी बॅटरीवर १२.६, दाबल्यावर ११.८. म्हणजे बॅटरी शाबूत. बटण दाबलेलं असताना रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये फक्त ०.२ व्होल्ट. पण बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या केसिंगपर्यंत जवळपास ४ व्होल्ट! अर्थिंगची वायर चेसिसच्या बोल्टला आहे आणि चेसिसला नुकतंच पावडर कोटिंग केलंय. बोल्ट काढला तर वॉशरखाली काळा थर तसाच, धातू कुठेच उघडा नाही, म्हणजे करंटला नीट वाटच नाही.

मायनसवरून थेट इंजिनला जंपर (तात्पुरती जोडवायर) लावला तर थंड इंजिन झकास फिरतं. मात्र अर्धा तास चालवून आणल्यावर पुन्हा रेंगाळतं.

अर्थिंग थेट इंजिनलाच न्यावं असं वाटतंय, पण नेमकं कुठल्या बोल्टला घ्यावं? बॅटरी सीटखाली आहे, १६ स्क्वेअर एमएमची केबल पुरेल का? आणि गरम झाल्यावरचं रेंगाळणं मोटरच्या ब्रशमुळे असेल, की टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स झाल्यामुळे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असल्यामुळे? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा. वडील रोज संध्याकाळी गाडीजवळ येऊन बसतात.